सिकलसेलवर १८ कोटींचा जीनचा इलाज, अन् इथं साध्या कॅप्सूल नाहीत

लहानीचा_दादा
माझी लहान बहीण १९ वर्षांची आहे, तिला सिकलसेल आहे, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आजार; एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जीन आलेला. परवाच तिला मेडिकल चौकाकडच्या एका दवाखान्यातून घरी आणलं, पाच दिवस सलाइन अन् रक्ताच्या दोन पिशव्या. नागपुरात थंडी पडली की आमच्या घरात कोणाला झोप नसते. हाडं दुखायला लागली की ती रडत नाही, उशी दातात धरून पडून राहते. वॉर्डात बाजूच्या पेशंटच्या काकांनी मोबाइलवर बातमी दाखवली, सिकलसेलवर कायमचा इलाज आला, जीन थेरपी. रात्रभर बसून वाचलं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये कॅसगेवी नावाच्या जीन थेरपीला मंजुरी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर. मागच्या महिन्यात आम्ही तिच्या रोजच्या औषधाच्या, हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल आणायला गेलो तर स्टॉक नाही, पुढच्या सोमवारी या म्हणाले, तो सोमवार आलाच नाही अन् पोरगी अ‍ॅडमिट झाली. म्हणून विचारतो, जीनोम जीनोम, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीनचा नकाशा, करत सरकारने पैसा कशाला घालायचा? आधी रोजची गोळी द्या ना. मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

कामठी_ते_पुणे
दादा, ताईला आता कसं आहे? मी मूळची कामठीची, आता पुण्यात लॅबमध्ये काम करते, माझा मामेभाऊ सिकलसेलने गेला म्हणून या विषयात आले. कॅप्सूल न मिळणं हा गुन्हाच आहे, त्यावर वाद नाही. पण ती कॅप्सूल आणि ती १८ कोटींची थेरपी एकाच ज्ञानातून आल्यात हे ऐका. आपण पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर शरीर ते हळूहळू बंद करतं. ज्यांच्यात ते जास्त उरतं त्यांना सिकलचा त्रास कमी होतो. हायड्रॉक्सीयुरिया ते थोडं वाढवते. कॅसगेवीत पेशंटच्याच मूळ पेशी बाहेर काढून ते हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए नावाच्या जीनचं बटण तिथे बंद करतात, की बाळाचं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. ट्रायलमध्ये ज्या ३१ जणांवर पुरेसा काळ लक्ष ठेवलं त्यातल्या २९ जणांना सलग १२ महिने मोठा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला नाही. ही लहान गोष्ट नाही हो. आणि किंमत कायम तेवढीच राहते असं कुठाय? माणसाचा पहिला जीनोम वाचायला १३ वर्षं आणि जवळपास ३०० कोटी डॉलर लागले, २००३ साली संपलं ते काम, आज तेच हजार डॉलरच्या आत होतं.

काटोलचा_संत्रेवाला
ताई मशीन सस्ती झाली म्हून औषध सस्तं होते काय? वाचणं वेगळं अन् दुरुस्त करणं वेगळं. आमच्या गावात कोणाले जीनोम नाई पाहिजे, लग्नाच्या आधी एक सोल्युबिलिटी टेस्ट पाहिजे. आई एएस, बाप एएस, म्हंजे दोघंही नुसते वाहक, तं दरवेळी चारात एक म्हंजे २५ टक्के चान्स की पोरगं एसएस. हे गणित गावातल्या आशाताईले तोंडपाठ हाय. २०२३ च्या जुलैत केंद्रानं मिशन काढलं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकायची तपासणी, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. चांगलं हाय. पण तपासणीचं कार्ड भेटलं की लोक ते पेटीत लपवून ठेवतात, काहून की पोरीचं लग्न मोडते. पोराचं मोडत नाई, पोरीचंच मोडते. माह्या चुलतबहिणीचं मोडलं, ती तं फक्त वाहक होती, तिले काहीच आजार नव्हता. याच्यावर पैसा लावा, समजावून सांगणारा माणूस ठेवा दवाखान्यात.

सही_कुठे_करू
काटोलकरांचा मुद्दा मी पुढे नेतो. कार्ड पेटीत लपवता येतं, डेटा लपवता येत नाही. सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी २०२५ ला तो डेटा संशोधकांसाठी खुला केला, ठीक आहे, नाव काढून दिला असेल. पण अमेरिकेत ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीचं काय झालं बघा, २०२३ मध्ये लाखो ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली, लोकांच्या थुंकीतून काढलेली माहिती विकायच्या मालमत्तेत! आपल्याकडे विमावाले जेनेटिक आजार म्हणून क्लेम नाकारत होते, २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की सरसकट असं करता येणार नाही. आपल्या भागातला आदिवासी, दलित माणूस बोट पुढे करतो, रक्त देतो, त्याला कोणी विचारतं का की हा नमुना नंतर कुठे जाणार?

धंतोली_मेडिकलवाला
माझं दुकान आहे औषधांचं, मी दोन्हीकडचं बघतो. पर्सनलाइज्ड मेडिसिन म्हटलं की सगळे कोटींच्या गप्पा मारतात, पण स्वस्तातली उदाहरणं आपल्या शेजारीच आहेत. गडचिरोलीत मलेरिया पाचवीला पुजलेला, त्यातला व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया परत परत उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात, पण ज्याच्या अंगात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी आहे त्याचं रक्त त्या गोळीने फुटतं. आधी एक साधी टेस्ट केली की कोणाला द्यायची, कोणाला जपून, हे कळतं. जीन बघून औषध म्हणजे हेच. दुसऱ्या बाजूला असंही बघतो, शुगरचा पेशंट वीस हजारांची डीएनए वेलनेस किट घेतो, त्यात लिहिलेलं असतं भात कमी खा, चाला. मला त्या माणसाची कीव येते आणि विकणाऱ्याची चीड.

कामठी_ते_पुणे
वेलनेस किटबद्दल पूर्ण सहमत, त्या धंद्याला जीनोमिक्स म्हणूच नका. सही_कुठे_करू, संमतीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, फॉर्म मराठीत, गोंडीत हवा आणि वाचून दाखवायला माणूस हवा. पण काटोलकर, औषध स्वस्त होत नाही हे मान्य नाही. ब्लड कॅन्सरची इमॅटिनिब घ्या, मूळ कंपनीची महिन्याला लाखाच्या वर होती, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं आणि भारतीय कंपन्यांची गोळी आठ-दहा हजारांत मिळत राहिली. कॅन्सरवरची सीएआर-टी थेरपी, पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत देतात ती, अमेरिकेत तीन-चार कोटींच्या घरात, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून काढलेली ४०-५० लाखांत, २०२३ मध्ये मंजूर. आता आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी बिरसा १०१ ही जीन थेरपी जाहीर केली, नोव्हेंबर २०२५, तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलंय. हे शास्त्रज्ञ आपले आहेत, आपल्याच लोकांच्या आजारावर काम करतायत. हे बंद करून तो पैसा कॅप्सूलमध्ये जाईल असं वाटतं का तुम्हाला? नाही जाणार. कॅप्सूल पैशांवाचून अडलेली नाही, ती स्वस्त आहे, ती खरेदी अन् वाटप कोणी वेळेवर करत नाही म्हणून अडलीये.

काटोलचा_संत्रेवाला
४० लाख म्हंजे माही सगळी बाग विकली तरी नाई होत ताई. पण शेवटची गोष्ट पटली.

लहानीचा_दादा
मलाही पटली, म्हणूनच जास्त त्रास होतो, कारण म्हणजे ती चूक अगदी साधी होती. अजून एक सांगतो. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, बहिणीचं सर्टिफिकेटही काढलं, पण नोकरीच्या आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे आजारी आहे हे मान्य, पुढे काय ते तुमचं तुम्ही बघा. बरं, कामठीच्या ताई, बहिणीने हा धागा माझ्या मोबाइलवर वाचला. तिने एकच विचारलं, ती थेरपी घेतली तर मला मूल होईल का? मला उत्तर माहीत नाही.

कामठी_ते_पुणे
तिला खरं सांगा. दुरुस्त केलेल्या पेशी आत घालायच्या आधी हाडातली जुनी मज्जा रिकामी करायला बुसल्फान नावाचं किमोचं औषध देतात, त्याने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. म्हणून आधी अंडबीजं गोठवून ठेवायचा सल्ला देतात, त्याचा खर्च वेगळा. दवाखान्यात कित्येक आठवडे राहावं लागतं. आणि थेरपीने तिच्या रक्तातला दोष सुधारतो, अंडबीजातला नाही, तेव्हा जोडीदाराची टेस्ट करावीच लागेल. ती १९ ची आहे, निर्णय तिचा, आणि आज घाई नाही.

धंतोली_मेडिकलवाला
दादा, तोवर कॅप्सूल मी ठोक भावात देतो, डॉक्टरांची चिठ्ठी अन् ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचा, रिपोर्ट घेऊन या, ती गोळी चालू असताना पांढऱ्या पेशी किती आहेत ते बघावं लागतं. आणि दवाखान्यात लेखी अर्ज द्या, स्टॉक कधीपासून नाही ते विचारा, पोच घ्या.

लहानीचा_दादा
उद्या अकरा वाजता येतो भाऊ. बहीण पण येतो म्हणते, स्वेटर घालून.