‘जॅगरी’ हा शब्द ‘गूळ’वरून आला का?

प्रश्न : शाहूपुरीत आमचा गुळाचा व्यापार आहे. परदेशी जाणाऱ्या डब्यावर ‘जॅगरी’ छापतो. हा शब्द ‘गूळ’चाच इंग्रजी अवतार, असं सगळे सांगतात. खरं का?

उत्तर : नाही दादा. ‘गूळ’ आला संस्कृत ‘गुड’वरून, आणि गुड म्हणजे मूळचा गोळा. ‘जॅगरी’ मात्र ‘शर्करा’ची लेक. मल्याळममध्ये गुळाला आजही ‘शर्करा’ म्हणतात, बोलताना ‘चक्करा’. 1498 साली पोर्तुगीज मलबारला उतरले, पुढं त्यांनी त्याचं ‘जागरा’ केलं आणि तिथून तो इंग्रजीत गेला.

आता खरी गंमत ऐका. ‘शुगर’सुद्धा त्याच शर्करेची लेक! प्राकृतात ‘सक्खर’ (आपली साखर इथलीच), फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मग लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत ‘शुगर’. साखरेला पोर्तुगीज ‘असुकार’ म्हणतात, तोही अरबांकडूनच घेतलेला. म्हणजे मलबारात उतरले तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडी आधीच होता. नव्या रूपात ओळखू आला नाही, म्हणून पुन्हा नव्यानं घेतला.

प्रश्न : पण शर्करा म्हणजे साखर ना? मग केरळात तिचा गूळ कसा झाला? आमच्या पलीकडं निपाणीला तर गुळाला ‘बेल्ल’ म्हणतात, ‘सक्करे’ म्हणजे साखरच.

उत्तर : शर्करा म्हणजे आधी साखरही नव्हे. खडे, वाळूची कणी, हा तिचा जुना अर्थ. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय. उसाचा रस आटवून कणी धरली की ती शर्करा. चांगल्या गुळाला आपण रवाळ म्हणतो, ढेपेला तर ‘रवा’च म्हणतो. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला केरळातला हा वापर परका वाटू नये, असं मला तरी मनापासून वाटतं.

‘कँडी’चंही तसंच : ‘खंड’ म्हणजे तुकडा, फारसीत ‘कंद’, पुढं युरोपात ‘कँडी’.

प्रश्न : मग आपला ‘गूळ’ कुठंच गेला नाही?

उत्तर : गेला की, पूर्वेला! मलाय भाषेत ‘गुला’ म्हणजे चक्क साखर, आणि तो ‘गुड’वरूनच आलाय. इंडोनेशियात ताडामाडाच्या रसाचा गूळ मागायचा तर ‘गुला मेराह’, म्हणजे लाल साखर, म्हणावं लागतं.