मदत हवी आहे: महापालिकेच्या शाळेत पहिलीला घालावं का? (कोल्हापूर)

पेठेतली_वहिनी:
मुलगा जूनमध्ये पहिलीला जाणार. चालत पाच मिनिटांवर महापालिकेचं विद्यामंदिर आहे, सेमी इंग्रजी. मुलं सगळ्या थरांतली: पेठेतल्या जुन्या घरांतली, गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, बंगाली कारागिरांची, बांधकामावरच्या कानडी मजुरांची, घरी हिंदी-उर्दू बोलणारी. आम्हा दोघांना हेच आवडलंय. सासरकडचं म्हणणं, "असल्या गर्दीत पोराचा अभ्यास बुडणार." दुसरा पर्याय इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा, रिक्षानं पाऊण तास. शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं ते सांगा. नुसतं चांगली-वाईट नको.

पाटी_पेन्सिल:
वहिनी, आधी पट विचारा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. हा हिशोब अख्ख्या शाळेचा आहे, एका वर्गाचा नव्हे. म्हणजे पाचवीपर्यंतचा पट ५५ असेल तर पाच इयत्तांना दोनच शिक्षक. तिसरी-चौथीला शिकवणं चालू असताना पहिलीची पोरं पाटीवर गिरवत बसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शिस्त आहे! म्हणून "एका वर्गात मुलं किती" यापेक्षा "पहिलीला स्वतंत्र बाई आहेत का" हा प्रश्न मोठा.

याच्या उलट जरगनगरसारखी नाव झालेली महापालिकेची शाळा. तिथं पाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. अशा ठिकाणी शिक्षक कमी पडत नाहीत, तुकडी फुगते. तिथं तुकडीतला आकडा विचारा.

शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, ११ अंकी असतो. त्यावरून शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं यांची नोंद ऑनलाइन दिसते, पण ती आदल्या वर्षाची असू शकते. शाळेत फळ्यावर पट आणि आजची उपस्थिती लिहिलेली असते, तीही बघा. फक्त जोतिबाच्या यात्रेच्या आसपास जाऊ नका, तेव्हा सगळीकडंच पोरं कमी असतात.

फळा_खडू:
पट झाला, पण खरी परीक्षा तिसरीच्या वर्गात आहे. मुख्याध्यापकांना विचारून तिसरीच्या चार मुलांना दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी घाला, ६२ वजा ३७ सारखी. मुलं तुम्ही निवडा. शाळेनं निवडलेली हुशार पोरं नकोत, आणि त्यात एक तरी घरी मराठी न बोलणारं हवं.

कारण असं की ज्याच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, ट्यूशन नाही, त्याला जे येतं ते फक्त शाळेनं शिकवलेलं असतं. सेंट्रिंगवाल्याची कानडी पोरगी तिसरीत न अडखळता मराठी वाचत असेल तर त्या बाईंच्या हातात तुमचं पोर डोळे झाकून द्या. खासगी शाळेत हे कळतच नाही, तिथं निम्मं वाचन आईनं घेतलेलं असतं.

६२-३७ चं उत्तर ३५ आलं तर समजा, पोरानं सातातून दोन वजा केलेत. हातचा घ्यायचा कळलेलंच नाही. एखाद्याचं असं होणारच. चौघांचंही तेच आलं तर मात्र ते शिकवण्याचं झालं.

सगळ्या थरांतली मुलं असलेल्या शाळेत अडचण नसते असं नाही. कामगारांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात-जातात, कायद्यानं त्यांना वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. एकाच वर्गात अक्षर न ओळखणारं आणि गोष्ट वाचणारं शेजारी बसतं. बाई अक्षर, शब्द, उतारा असे गट पाडून शिकवतात का ते विचारा. सगळ्यांना एकच पान, असं असेल तर दोन्ही टोकांचं नुकसान, तुमच्या मुलाचंही.

रंकाळ्यावरचा_वारा:
सासरच्यांना एवढं सांगा की १९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवली, ती याच संस्थानात. "असल्या गर्दीत" हे कोल्हापूरकरांनी म्हणावं म्हणजे कमाल आहे.

पेठेतली_वहिनी:
😄 ऐकवते. सेमीचं काय? आणि खिचडी, स्वच्छतागृह?

फळा_खडू:
सेमीत गणित इंग्रजीतून. पहिली-दुसरीला आकडेमोड असल्यानं निभतं, तिसरीपासून शाब्दिक उदाहरणं वाढली की पोरं अडतात. गणित येत असतं, वाक्य कळत नसतं. बाई "सब्ट्रॅक्ट म्हणजे वजा" असं दोन्हीकडून बोलतात का ते वर्गाबाहेर उभं राहून ऐका.

डबा_वाटी:
पोषण आहाराचं माप पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. भाजीतच हात आखडतो, तेव्हा आमटीत वाटाणा-गाजर दिसतंय का बघा. वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं, ती वही मागा. स्वच्छतागृह सकाळी बघू नका, मधल्या सुट्टीनंतर बघा. नळाला तेव्हा पाणी असेल तर ठीक.

पाटी_पेन्सिल:
आणखी एक. पहिलीच्या बाईंकडे बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे का विचारा. निवडणूक, जनगणना, आपत्ती ही कामं कायद्यानं शिक्षकांना लागतात. पंचगंगेला पूर आला की काही शाळा निवारा केंद्र होतात, तेव्हा वर्ग कुठं भरतात हेही.

कागद: जन्मदाखला, मुलाचं नि पालकांचं आधार. ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. शिक्षकांची संख्या ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या पटावर होते. नाव जुळलं नाही तरी प्रवेश मिळतो, पण मूल मोजणीत धरलं जात नाही, आणि अशी पाच-सहा झाली की शाळेचं एक पद जाऊ शकतं.

रंकाळ्यावरचा_वारा:
शाळा कितवीपर्यंत आहे तेही बघा. बरीच विद्यामंदिरं सातवीपर्यंतच आहेत. आठवीला अनुदानित हायस्कूल गाठावं लागेल, कुठलं ते आत्ताच बघून ठेवा.

पेठेतली_वहिनी:
सोमवारी मधल्या सुट्टीनंतर जाते. वजाबाकी लिहून घेतली.