फायबर घेतल्यापासून मोठी फाईल मध्येच अडकते, टाईमआऊट किती ठेवू?

सावद्याचा केळीवाला
आमच्या रायपनिंग चेंबरची तापमानं आणि कॅमेऱ्याचे व्हिडिओ रात्री साडेअकराला भुसावळच्या ऑफिसच्या सर्व्हरवर जातात. लिनक्स पीसी, फाईल पाठवायला एफटीपी, त्यासाठी कर्ल या कमांडची चार ओळींची स्क्रिप्ट. मोबाईल हॉटस्पॉटवर वर्षभर चाललं. पावसाळ्याच्या तोंडी फायबर घेतलं अन् खेळ सुरू झाला. लॉगिन होतं, पिंग झकास, तापमानाची हजार बाईटची फाईल जाते. व्हिडिओ मात्र सुरू होऊन गप्प बसतो, पंधरा मिनिटांनी 'कनेक्शन टाईम्ड आऊट'. कुठंतरी वाचून लिनक्सच्या कर्नलमधल्या टीसीपी रिट्राइज (पुन्हा पाठवून बघायच्या खेपा) १५ च्या २५ केल्या, तर आता पस्तीस मिनिटांनी पडतो! अजून वाढवू का? मालक म्हणतात, मोबाईलच बरा होता भो.

यावलकर
राउटर बंद-चालू केला का? आमच्याकडे लाईट गेली की निम्मे प्रॉब्लेम आपोआप सुटतात.

धुळे लिनक्स
वाढवू नका, परत १५ करा. पोच आली नाही की टीसीपी तोच तुकडा पुन्हा पाठवतं आणि दर वेळी दुप्पट थांबतं, जास्तीत जास्त १२० सेकंद. १५ वेळांचे होतात साधारण ९२४ सेकंद, म्हणजे तुमची पंधरा मिनिटं. पुढच्या दहा वेळांची वीस मिनिटं तुम्ही स्वतःच विकत घेतली.

लहान जातं, मोठं अडकतं, म्हणजे मला एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा संशय. फायबरवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं लाईन जोडायची पद्धत) असेल तर १५०० पैकी ८ बाईट त्यातच जातात, उरतात १४९२. तुकडे न करण्याची अट घालून पिंग करा, आधी १४७२, मग १४६४. त्यात हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे, २८ मिळवायचे.

सावद्याचा केळीवाला
१४७२ ला काहीच उत्तर नाही, १४६४ ला लगेच! राउटर उघडला तर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाईनचा, एमटीयू १५००. जोडणीवाल्या पोरानं हातानं भरलेला दिसतोय.

धुळे लिनक्स
सापडलं. तिथं १४९२ करा, आणि एमएसएस क्लॅम्पिंगचा (हेडर सोडून टीसीपीच्या तुकड्यातला माल राउटरनंच आवळायचा) पर्याय असेल तर तिथं १४५२. नसेल तर पीसीच्या नेटवर्क कार्डालाच १४९२ द्या, तेवढ्यानं भागतं. खरी गोम अशी की मोठं पाकीट वाटेत गपचूप टाकून दिलं जात होतं. 'मोठं आहे' असा आयसीएमपी निरोप मागे यायला हवा, तो येत नव्हता. मग टीसीपी बिचारं तेच पाकीट पाठवत बसलं. असा निरोप गिळणारी वाट पुन्हा भेटली तर कर्नलमधलं एमटीयू प्रोबिंग (पाकीट अडकलं की लहान आकार स्वतःच आजमावणं) १ करून ठेवा, एरवी ते ० असतं.

आणि कर्लला 'उणे, मोठा सी, मोकळी जागा, उणे' द्या (देवनागरीत कमांड सांगणं म्हणजे शिक्षाच), म्हणजे तुटलं तिथून पुढं जाईल.

सावद्याचा केळीवाला
राउटरला १४९२ केलं, क्लॅम्पिंग नव्हतं म्हणून पीसीलाही. तीन रात्री व्हिडिओ पूर्ण गेले. काल मध्येच लाईट गेली. आल्यावर स्क्रिप्ट हातानं चालवली, उरलेलं तेवढंच गेलं. यावलकर, राउटर आपोआप बंद-चालू झाला बरं का.