कॉमन स्ट्रीमिंग किट घ्यायचं ठरतंय, आधी काय घ्यावं आणि ठेवायचं कुणाकडं?

पंचगंगा_पेंग्विन

नमस्कार मंडळी. आपल्या कोल्हापूरच्या ओपन सोर्स ग्रुपच्या मीटपला आता माणसं बरी यायला लागलीत, पण गडहिंग्लज, राधानगरी, इचलकरंजीकडची पोरं दर वेळी विचारतात की रेकॉर्डिंग कुठं मिळंल, आणि आपल्याकडं द्यायला काहीच नसतं. मोबाईल स्टँडवर लावून लाईव्ह केलं की पडद्यावरच्या स्लाइड नुसत्या पांढऱ्या फटक दिसतात आणि बोलणाऱ्यापेक्षा पंख्याचा आवाज जास्त येतो. म्हणून वर्गणी काढून एक कॉमन किट घ्यायचं ठरतंय, जे आपण वापरू आणि सांगली, बेळगावच्या ग्रुपला लागलं तर त्यांनाबी देऊ. सॉफ्टवेअर ओबीएस (रेकॉर्डिंग आणि लाईव्ह करायचं मोफत सॉफ्टवेअर) हे नक्की आहे, त्यावर वाद नाही. प्रश्न बाकीचाच आहे. अर्धी मंडळी म्हणत्यात सगळे पैसे एका चांगल्या डीएसएलआर कॅमेऱ्याला घाला, अर्धी म्हणत्यात वेबकॅम बास झाला. हॉल दर वेळी वेगळा असतो, कधी राजारामपुरीतला छोटा, कधी एखाद्या कॉलेजचा सेमिनार हॉल. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हे सामान ठेवायचं कुणाच्या घरी? ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

आवाज_आधी

दादा, कॅमेऱ्याचा विषय बाजूला ठेवा, पहिला रुपया आवाजाला घाला. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस तासभर बघतो, पण आवाज घुमत असंल तर दोन मिनिटांत बंद करून जातो, आणि शिकायला बसलेल्या पोराचं तर फार नुकसान होतं कारण कमांड काय सांगितली तेच कळत नाही. एक कॉलरचा वायरलेस माईक, प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एक हातातला माईक, आणि एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायचा डबा. हातातल्या माईकशिवाय प्रश्नोत्तरं रेकॉर्डच होत नाहीत, ऐकणाऱ्याला नुसती उत्तरं ऐकू येतात. इंटरफेस घेताना ‘क्लास कंप्लायंट’ आहे का तेवढं बघा, म्हणजे लिनक्सवर ड्रायव्हर न शोधता चालतो. हॉलची स्वतःची साउंड सिस्टीम असंल तर तिथल्या मिक्सरवाल्या काकांना आधीच भेटून ‘रेक आउट’, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणारी जोडणी, मागून घ्या, ऐनवेळी मागितलं की ते वैतागतात आणि त्यांचंही बरोबर असतं.

डीएसएलआरचं म्हणाल तर नको. जुन्या बऱ्याच मॉडेलांत २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, युरोपातल्या आयात कराच्या नियमामुळं कंपन्यांनी ती मर्यादा घालून ठेवली होती. एचडीएमआय केबलमधून चित्र बाहेर काढायचं म्हटलं तर काही मॉडेलांत बॅटरीची, फोकसची चिन्हं सगळी चित्रावर येतात. त्यापेक्षा सेकंडहँड हँडीकॅम बघा, झूम चांगला असतो, अडॅप्टरवर दिवसभर चालतो, फक्त ‘क्लीन एचडीएमआय’, म्हणजे चिन्हांशिवाय नुसतं चित्र, बाहेर येतं का ते आधी लावून बघून मगच पैसे द्या.

आणि एक, ही गोष्ट कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याचं चित्र कॅप्चर कार्डातून (एचडीएमआयचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) येईपर्यंत थोडा उशीर लागतो, माईकचा आवाज मात्र लगेच पोचतो, त्यामुळं ओठ आणि आवाज जुळत नाहीत. कार्यक्रमाआधी एकानं स्टेजवर उभं राहून कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवायची, ते रेकॉर्ड करून फ्रेम फ्रेम पुढं न्यायचं, हात एकमेकांना लागतात ती फ्रेम आणि आवाज उठतो ती जागा यात किती मिलिसेकंद फरक आहे ते बघायचं आणि ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमधल्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये तेवढा आकडा टाकायचा. कॅमेरा किंवा कार्ड बदललं की परत टाळी.

उद्यमनगर_लेथ

ताईंनी आवाजाचं सांगितलं ते शंभर टक्के. मी वायरींचं सांगतो.

कॅप्चरसाठी दोन कार्डं लागणार, एक कॅमेऱ्याचं, एक बोलणाऱ्याच्या लॅपटॉपचं. स्लाइड कधीच पडद्याचा फोटो काढल्यासारख्या घ्यायच्या नाहीत, लॅपटॉपमधून निघालेली एचडीएमआय स्प्लिटरमध्ये घालायची, एक फाटा प्रोजेक्टरला आणि एक आपल्याला. बाजारात कॅप्चर कार्डाची ती स्वस्तातली काळी कांडी मिळती, तिच्यावर मोठ्या अक्षरात फोर-के लिहिलेलं असतंय, ते फक्त आत घेण्यापुरतं, बाहेर यूएसबी २ वरून १०८० ओळींच्या चित्राला सेकंदाला ३० फ्रेमच येत्यात आणि त्याबी दाबलेल्या. आपल्याला तेवढं पुरतंय, पण दोन कांड्या एकाच हबवर लावू नका, लॅपटॉपच्या वेगवेगळ्या बाजूच्या पोर्टला लावा, नाहीतर एकीचं चित्र येणारच नाही. कुठलंबी कार्ड घ्या पण यूव्हीसी (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय वेबकॅमसारखं चालणारं) असलंच पाहिजे, आपण ओपन सोर्सवाले, ज्याला विंडोजचा ड्रायव्हर लागतो ते आपल्या पेटीत नको.

लांब एचडीएमआयच्या नादाला लागू नका. साधी केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढं गेली की चित्र लुकलुकायला लागतं. एसडीआय (व्हिडिओ लांब न्यायची व्यावसायिक जोडणी) एक नंबर आहे, चांगल्या कोॲक्स केबलवर ७०-८० मीटर सहज जातं आणि बीएनसीचं टोक फिरवून लॉक होतंय, कुणाचा पाय अडकला तरी निघत नाही, पण दोन्ही टोकांना कन्व्हर्टर आले, त्यांना करंट आला, खर्च वाढला. म्हणून आत्ता मिक्सिंगचं टेबल हॉलच्या मागं न मांडता स्टेजच्या बाजूला मांडा, सगळ्या वायरी आखूड होत्यात.

लाईटचं तर आपल्याला ठाऊकच आहे. लॅपटॉपला बॅटरी असती, पण राउटर, स्प्लिटर आणि मिक्सर क्षणात बंद पडत्यात, त्यांच्यासाठी एक छोटा यूपीएस घ्याच. आणि ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही फॉरमॅटमध्ये ठेवा. मधेच बंद पडलं तर साधी एमपीफोर फाईल उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तोवरची सगळी राहती, नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून, म्हणजे चित्र-आवाज तसाच ठेवून फक्त फॉरमॅट बदलून, एमपीफोर करता येती.

पेटी माझ्याकडं लागली. शेजारीच फॅब्रिकेशनवाले आहेत, अॅल्युमिनियमची करून घेऊ, आत फोमला कप्पे कापून.

पंचगंगा_पेंग्विन

भावा, पेटीचं काम झालं तर विषयच संपला. ताई, स्पीकरमधून ‘गूं’ असा आवाज येतो तो लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबतो, हे कशामुळं? आणि चालवणार कोण हाबी प्रश्न आहे. सगळं येणारी आपल्यात दोन-तीनच माणसं आहेत, ती टेबलामागं बसली की त्यांना भाषण ऐकायला मिळत नाही.

आवाज_आधी

ते अर्थिंगमुळं. लॅपटॉप एका सॉकेटवर आणि साउंड सिस्टीम हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असली की हमखास होतं. सगळं एकाच बोर्डवरून घ्या. तरी राहिलं तर ऑडिओच्या वायरीत मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, छोटी वस्तू आहे, पेटीत पडून राहू दे. थ्री पिनची अर्थिंगची पिन मोडून मात्र कुणी काढू नका, बरेच जण काढतात, त्यात शॉक बसायची भीती आहे.

कोबीचा_टर्मिनल

चालवणाऱ्यांच्या प्रश्नावर सांगते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोचीला डेबकॉन्फ (डेबियन लिनक्सवाल्यांचं वार्षिक संमेलन) झालं तेव्हा मी तिथं व्हिडिओ टीमसोबत स्वयंसेवक होते. तिथं कॅमेरा, साउंड, मिक्सिंग असं प्रत्येक काम वेगळं आणि पहिल्यांदाच आलेल्या माणसालाही थोडं शिकवून बसवतात. ते व्होक्टोमिक्स हे व्हिडिओ मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरतात, जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या व्हिडिओ मंडळींनी लिहिलेलं. त्यात ठरलेल्या मांडण्या असतात, नुसती स्लाइड, नुसता माणूस, दोन्ही शेजारी शेजारी, त्यामुळं बसणाऱ्याला चार बटणं कळली की झालं. आपण ओबीएसमध्येच तसे चार सीन (ठरलेल्या मांडण्या) करून ठेवू आणि प्रत्येक सीनला कीबोर्डवरची एक-एक की देऊ. ते सीन कलेक्शन एक्सपोर्ट करून गिटमध्ये (फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणारी, सगळ्यांना वापरता येणारी सोय) टाकायचं, म्हणजे सांगलीवाल्यांनी पेटी नेली तरी त्यांच्या लॅपटॉपवर तेच सीन उघडतील, फक्त कार्डं परत निवडून द्यावी लागतील. टेबलावर दर भाषणाला माणूस बदला. आमच्याकडं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना हे फार आवडेल, मी घेऊन येते.

इंटरनेटसाठी हॉलच्या वायफायवर विसंबू नका. १०८० ला ३० फ्रेमचं साधारण ४ ते ६ एमबीपीएस जातं, अपलोड त्याच्या दुप्पट तरी पाहिजे. नसेल तर सरळ ७२० वर या, स्लाइडची अक्षरं मोठी असली की चालतं. लाईव्ह तुटलं तरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं, कारण आपली बहुतेक मंडळी नंतरच बघणार आहेत.

स्वतःचा_सर्व्हर

यूट्यूबवर टाकायचं ठरवताय का? आपण ओपन सोर्सचा ग्रुप आहोत तर पीअरट्यूबवर (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं ओपन सोर्स व्हिडिओ सॉफ्टवेअर) टाका की, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात लाईव्ह पण आहे.

कोबीचा_टर्मिनल

दोन्हीकडं टाकू. लाईव्ह यूट्यूबवर, कारण राधानगरीतला मुलगा तिथंच शोधणार, आणि नंतरची नीट कापलेली फाईल पीअरट्यूबवर. सर्व्हरची जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर मला आनंदच आहे, पण ती दर महिन्याची जबाबदारी आहे, डिस्क भरते.

शाहूपुरी_तिसरा_मजला

ठेवायचं कुणाकडं यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत, नागाळा पार्कात कुठपर्यंत पाणी आलं ते सगळ्यांनी बघितलंय. किट तळमजल्यावर ठेवायचंच नाही, मग ते कुणाचं ऑफिस असो नाहीतर कॉलेजची लॅब. माझ्याकडं तिसऱ्या मजल्यावर जागा आहे, पण एकाच्या घरी कायमचं राहिलं की ती वस्तू हळूहळू त्याचीच होती, हे तालमीच्या मंडळांत बघितलंय, भांडणं तिथूनच सुरू होतात. म्हणून दर सहा महिन्यांनी जागा बदला. पेटीच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवा, प्रत्येक वायरीला रंगीत टेप आणि नंबर, नेताना आणि आणताना दोघांनी मिळून मोजायचं आणि वहीत सही करायची. हरवलं तर कोण भरणार हे पहिल्यांदाच लिहून ठेवा, नंतर बोलायला जड जातं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरती आपल्याकडं, सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकत चला आणि महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून चालवा.

वर्गणी कुणा एकाच्या खात्यावर जाणार असंल तर आलेले-गेलेले सगळे आकडे ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोसकट.

पंचगंगा_पेंग्विन

लई उपयोगाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. मग असं करतो. पहिल्या हप्त्यात दोन माईक, ऑडिओ इंटरफेस, दोन कार्डं, स्प्लिटर, यूपीएस. कॅमेरा तोवर कुणाचातरी हँडीकॅम मागून, एसडीआय पुढच्या वर्षी बघू. पेटी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर. सांगली-बेळगावला द्यायचं ते दोन मीटप आपल्याकडं नीट झाल्यावरच. येत्या रविवारी सकाळी दहाला राजारामपुरीच्या हॉलवर रिकाम्या खुर्च्यांसमोर एकदा सगळं जोडून बघू, लेथवाले भावा तू फोमसाठी मापं घ्यायला टेप आण, आणि ज्याच्याकडं चांगला लांब एक्स्टेंशन बोर्ड आहे त्यानं खाली लिहा.

उद्यमनगर_लेथ

बोर्ड माझ्याकडं आहे, अर्थिंगसकट. येतो.