आठवीपर्यंत डिस्ट्रिक्ट ५४, नववीपासून २११: शॉमबर्गमध्ये शाळांचे दोन कारभार का? घर घेताना काय तपासावं?

निशिगंध:
शिकागोच्या वायव्य उपनगरांत घर शोधतोय. शॉमबर्ग, पॅलेटाइन, हॉफमन इस्टेट्स असा पट्टा डोळ्यासमोर आहे. मुलगा सातवीत आहे, मुलगी चौथीत. नेपरव्हिलमध्ये बालवाडी ते बारावी एकच डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) असतं, इथे मात्र टॅक्स बिलावर दोन शाळांच्या नोंदी दिसतात. ही विभागणी आली कुठून? आणि पत्त्यावरून हायस्कूल नक्की कसं ठरवायचं? आठवीनंतर मुलगा आपोआप पुढे जातो, की आपल्याला काही करावं लागतं?

पाटीपेन्सिल:
ही दोन खरोखरच स्वतंत्र सरकारं आहेत. ५४चं बोर्ड वेगळं, २११चं वेगळं. प्रत्येकी सात सदस्य, चार वर्षांची मुदत, बिनपगारी, आणि निवडणूक विषम वर्षांच्या एप्रिलमध्ये. सुपरिंटेंडंट, शिक्षकांचे करार, टॅक्सची मागणी, सगळं स्वतंत्र. एक दुसऱ्याच्या हाताखाली नाही.

मूळ आहे टाउनशिपमध्ये. इलिनॉयची जमीन ३६ चौरस मैलांच्या चौकोनांत, म्हणजे टाउनशिपांत, मोजली गेली. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक चौकोनात अंतराअंतरावर एकखोलीच्या शाळा होत्या आणि प्रत्येक शाळेचं आपलं छोटं डिस्ट्रिक्ट. आठवीपर्यंत हे भागायचं. हायस्कूलला मात्र प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक आणि पुरेशी मुलं लागतात, आणि ते एका वस्तीच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून खालच्या शाळा आहेत तशा ठेवून अख्ख्या टाउनशिपने मिळून वर एक हायस्कूल काढायची पद्धत पडली. राज्यातलं पहिलं टाउनशिप हायस्कूल १८६७मध्ये प्रिन्स्टनला निघालं. जनतेच्या करातून हायस्कूल चालवणं कायदेशीर आहे का, हा वाद तेव्हा जोरात होता. मिशिगनमध्ये कॅलमझूच्या खटल्यात १८७४ला आणि इलिनॉयमध्ये १८७९ला सर्वोच्च न्यायालयांनी हायस्कूलच्या बाजूने निकाल दिला, आणि मग हा प्रकार पसरला. विनेट्काचं न्यू ट्रायर १९०१चं, अर्लिंग्टन हाइट्सचं २१४ हे १९१४चं.

२११ म्हणजे पॅलेटाइन आणि शॉमबर्ग या दोन टाउनशिपचं हायस्कूल डिस्ट्रिक्ट. बराच काळ एका हायस्कूलवर निभावलं, कारण सगळीकडे शेतीच होती. १९५६मध्ये शॉमबर्ग गाव म्हणून नोंदलं गेलं तेव्हा वस्ती होती जेमतेम १३०. दोनच वर्षांनी नॉर्थवेस्ट टोलवे सुरू झाला आणि चित्र पालटलं. फ्रेम्ड १९६१, कोनंट १९६४, शॉमबर्ग १९७०, हॉफमन इस्टेट्स १९७३. मग १९७७ला पॅलेटाइन हायस्कूलची नवी इमारत. सोळा वर्षांत पाच मोठ्या इमारती, आणि आजही हीच पाच मुख्य हायस्कूलं आहेत. कोनंट हे नाव हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांचं. लहान हायस्कूलं बंद करून सगळ्या प्रकारच्या मुलांना एका छताखाली सामावणारी मोठी हायस्कूलं हवीत, हे त्यांचं आग्रहाचं म्हणणं होतं आणि या पट्ट्यात ते जवळपास शब्दशः अमलात आलं.

मग पुढची पिढी लहान निघाली. नाइल्स ईस्ट १९८०ला, मेन नॉर्थ १९८१ला, २१४मधलं अर्लिंग्टन १९८४ला आणि फॉरेस्ट व्ह्यू १९८६ला बंद झालं. फॉरेस्ट व्ह्यूच्या इमारतीत आज २१४चं मुख्यालय आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण हद्दी दगडावरची रेघ नसतात. पटसंख्या घसरली की बोर्ड शाळा बंद करतं, हद्दी पुन्हा आखतं, आणि त्यासाठी मतदान घ्यावं लागत नाही.

मधलीसुट्टी:
पत्त्याबद्दल. या भागात गावाचं नाव, पोस्टाचा पत्ता आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हॉफमन इस्टेट्स हा सगळ्यात मोठा चकवा. एकाच गावात पूर्वेकडे ५४ किंवा १५ आणि वर २११. पश्चिमेकडे सरकलात की बॅरिंग्टन २२०, एल्जिनचं यू-४६ किंवा ३००, आणि ही तिन्ही बालवाडी ते बारावी एकत्र असलेली. दोन घरांत मैलाचंही अंतर नसताना हायस्कूल पूर्ण वेगळं निघू शकतं. पॅलेटाइनच्या बाजूला प्राथमिक डिस्ट्रिक्ट १५ आहे, पण १५ची सगळी मुलं २११ला जात नाहीत. रोलिंग मेडोजच्या बाजूची बरीच २१४ला जातात. आणि घर पॅलेटाइनमध्ये म्हणजे हायस्कूल पॅलेटाइन असंही नाही, फ्रेम्डही त्याच गावात आहे.

नुसत्या आकड्यावरही विसंबू नका, दर काउंटीत आकडे नव्याने वापरलेत. २०३ म्हणजे कुक काउंटीत न्यू ट्रायर आणि ड्युपेजमध्ये नेपरव्हिल.

तपासताना क्रम असा ठेवा:

१. एजंटकडून घराचा पिन नंबर (मालमत्तेचा ओळख क्रमांक) घ्या आणि काउंटीच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीचं टॅक्स बिल उघडा. पैसे ज्यांना जातात त्या संस्थांच्या यादीत प्राथमिक आणि हायस्कूल दोन्ही डिस्ट्रिक्ट क्रमांकासह छापलेली असतात. कायद्याने डिस्ट्रिक्ट कोणतं, याचा हा पक्का पुरावा.

२. बिलावर डिस्ट्रिक्ट कळतं, शाळा कळत नाही. शाळेसाठी डिस्ट्रिक्टच्याच संकेतस्थळावरचा पत्ताशोधक वापरा. घरविक्रीच्या संकेतस्थळांवरची शाळांची नावं कधीकधी जुन्या हद्दींवरून येतात.

३. ऑफर देण्याआधी दोन्ही डिस्ट्रिक्टांच्या नोंदणी कार्यालयांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पत्ता अपार्टमेंट किंवा टाउनहाउसचा असेल तर युनिट नंबरसकट पाठवा.

दोन डिस्ट्रिक्टांमधली हद्द एका घरासाठी बदलून घेणं म्हणजे अर्ज, सुनावणी आणि महिनोन्‌महिने वाट पाहणं. ते होईल असं गृहीत धरून घर घेऊ नका.

खातेवही:
टॅक्सचा भाग थोडक्यात, कारण दोन्ही डिस्ट्रिक्टांची खरी ताकद तिथेच आहे. कुक काउंटीत (हा पट्टा मुख्यतः तिथेच येतो) घराचं मूल्यांकन बाजारभावाच्या १० टक्के धरतात, व्यापारी मालमत्तेचं २५ टक्के. त्यामुळे ज्या हद्दीत मॉल आणि कचेऱ्या जास्त, तिथे घरांवरचा भार हलका होतो. शॉमबर्गचं वुडफील्ड मॉल १९७१चं. ५४ आणि २११ या दोघांनाही त्याचा आधार आहे. कचेऱ्या रिकाम्या पडल्या, मालकांनी अपील करून मूल्यांकन उतरवलं, की तोच भार घरांकडे सरकतो. एकूण मागणी कमी होत नाही, फक्त वाटे बदलतात.

वर मर्यादा आहे. डिस्ट्रिक्टची मागणी वर्षाला ५ टक्के किंवा महागाई दर, यांतलं जे कमी असेल तेवढीच वाढू शकते. नव्या बांधकामाला यातून सूट. कुकच्या भोवतालच्या काउंट्यांना हे १९९१पासून, कुकला त्यानंतर काही वर्षांनी लागू झालं. त्यापलीकडे जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं.

बिल दोन हप्त्यांत येतं आणि पहिला हप्ता गेल्या वर्षीच्या एकूण रकमेच्या ५५ टक्के असतो. त्यामुळे आधीच्या मालकाला ज्येष्ठ नागरिकाची सवलत असेल तर पहिल्या हप्त्यात तुम्हाला खरा आकडा दिसतच नाही. बिल बघताना सवलतींची ओळ वाचा आणि त्या वजा न करता हिशेब करा.

निशिगंध:
खूप उपयोगी, आभार. नोंदणीचं कुणी सांगेल का? आणि ही दोन्ही डिस्ट्रिक्ट एकत्र करायचं कुणी मनावर का घेत नाही?

मधलीसुट्टी:
आपोआप काहीच होत नाही असं धरून चला. ५४मध्ये मुलगा पहिलीपासून असला तरी २११कडे नोंदणी नव्याने, राहत्या घराच्या पुराव्यासकट करावी लागते. विषयांची निवड आठवीच्या हिवाळ्यातच होते, त्यामुळे उन्हाळ्यात येणाऱ्यांना उरलेल्या जागा मिळतात.

नववीला राज्याचा आरोग्य तपासणीचा फॉर्म पुन्हा द्यावा लागतो, सहावीचा चालत नाही. त्यात आरोग्य-इतिहासाचा भाग पालकांनी भरून सही करायचा असतो. डॉक्टरांचा भाग भरलेला आणि हा कोरा, म्हणून फॉर्म परत येणं हे नेहमीचंच. दातांची तपासणीही नववीला लागते. इलिनॉयच्या शाळेत पहिल्यांदाच येत असाल तर इयत्ता कोणतीही असो, डोळ्यांची तपासणीही लागते. भारतातून थेट आलेल्या मुलांचं अडतं ते कांजिण्यांच्या लशीवर: दोन डोस हवेत आणि आपल्याकडच्या कार्डावर बहुधा एक असतो किंवा एकही नसतो. सहावीपासून पुढे टीडॅपही (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) लागते. दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं, म्हणून जूनमध्येच सुरुवात करा. १५ ऑक्टोबरपर्यंत कागद पूर्ण नसतील तर मुलाला वर्गात बसू देत नाहीत.

गणिताकडे आत्ताच बघा, तुमच्या मुलासाठी हेच सगळ्यात तातडीचं. आठवीत अल्जेब्रा वन झालं तर नववीत जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा सरळ रस्ता पडतो. आठवीचा वर्ग ५४ ठरवतं, नववीचा २११. म्हणून सातवीच्या वसंतातच शाळेला विचारा. मधल्या वर्षी बाहेरून येणाऱ्या मुलाची परीक्षा न घेता सुरक्षित म्हणून खालच्या वर्गात बसवलं जातं, तेव्हा परीक्षा घ्या अशी लेखी मागणी करा.

मुलाचा आयईपी (विशेष गरजांच्या मुलांसाठीची वैयक्तिक शिक्षण-योजना) असेल तर आठवीच्या बैठकीला हायस्कूलचा माणूस हजर राहील याची खातरजमा करा. दोन डिस्ट्रिक्टांच्या मधल्या फटीत सगळ्यात जास्त नुकसान याच मुलांचं होतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

पाटीपेन्सिल:
एकत्रीकरणाबद्दल: १९४०च्या दशकात इलिनॉयमध्ये सुमारे १२,००० डिस्ट्रिक्ट होती, आता साडेआठशेच्या घरात आहेत. त्यांतली शंभरेक निव्वळ हायस्कूलची. म्हणजे विलीनीकरण भरपूर झालं, पण बहुतेक ग्रामीण भागात, जिथे मुलंच उरली नव्हती. उपनगरांत दोन गोष्टी आडव्या येतात. हायस्कूल शिक्षकांची वेतनश्रेणी साधारण वरची असते आणि एक करार करताना सगळ्यांना खालच्या श्रेणीत कुणी आणत नाही, वरच्याच श्रेणीत नेतात. म्हणजे कार्यालयात वाचवलेला पैसा पगारात जातो. शिवाय एकत्र डिस्ट्रिक्टला कायद्याने मिळणारी कराची कमाल मर्यादा दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टांच्या बेरजेपेक्षा कमी असते.

आणि २११खाली एकटं ५४ नाही, १५ही आहे, जे अर्धवट २१४कडे झुकलेलं. २१४खाली तर २१, २३, २५, २६, ५७, ५९ आणि वर १५चा तुकडा. कोणाला कोणाशी जोडायचं, हाच पहिला प्रश्न, आणि पुन्हा प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मतदारांचं बहुमत वेगवेगळं मिळवावं लागतं. तुमची मुलगी बारावी होईपर्यंत तरी दोन्ही बोर्डांच्या बैठकांची विषयपत्रिका वाचत राहा. मतदानाला नागरिकत्व लागतं, बैठकीत बोलायला लागत नाही.