येशूवरचा सिनेमा शेजाऱ्यांना दाखवावा का? सल्ला हवा

नगरचा_तरुणसंघ
सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात आहे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आठवड्यात चर्चच्या आवारात पडदा लावून येशूच्या जीवनावरचा १९७९ चा सिनेमा मराठीतून दाखवावा, गावातल्या हिंदू-बौद्ध शेजाऱ्यांनाही बोलवावं, असं संघातल्या काहींचं म्हणणं आहे. काही वडीलधाऱ्यांना मात्र प्रभूचं काम नटाने करणंच पटत नाही. सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा संदेश सांगायला, सिनेमा वापरावा का? वापरायचा तर कोणता आणि कसा?

पायवाट
वापरा, पण सुवार्ता सांगायचं काम त्याच्यावर सोपवून आपण मोकळं व्हायचं नाही.

तुम्ही म्हणता तो सिनेमा बराचसा बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाला धरून आहे आणि दोन हजारांहून जास्त भाषांत गेलाय. निवड चांगली आहे. फक्त शेवट आधी स्वतः बघून घ्या. कथा संपल्यावर निवेदक थेट प्रेक्षकांशी बोलतो आणि ख्रिस्ताला स्वीकारण्याची प्रार्थना सोबत करायला सांगतो. 'सिनेमाला या' म्हणून बोलावलेल्या शेजाऱ्याला चारचौघांत, अंधारात बसवून हे विचारणं मला पटत नाही. पुनरुत्थान झालं की थांबवा, दिवे लावा, चहा फिरवा. ज्याला बोलायचंय तो आपणहून थांबतो. आणि आमंत्रण देतानाच सांगा की सिनेमा येशूवरचा आहे, चर्चने ठेवलाय. काही लपवून बोलावलेला माणूस पुन्हा आपल्या दारात येत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

दुसरं असं, की पडदा बघून कुणाच्या मनात काय उभं राहील ते आपल्या हातात नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ते भारावून गेले. पण समोर ख्रिस्त दिसत असताना मनात राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती, हे त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलंय. त्यातूनच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. चित्राने माणूस हलतो, पण ख्रिस्त कोण हे सांगायला शेजारी कुणीतरी लागतं. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ८ मधला हबशी अधिकारी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतच होता, तरी त्याला अर्थ सांगायला फिलिप्पाला रथात चढून बसावं लागलं.

वसईकर
आम्हा कॅथलिकांना चित्राचं वावडं नाही. एकच सांगते, २००४ चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' लावू नका. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये, आणि फटक्यांचा प्रसंग मोठ्यांनाही बघवत नाही. येशूने काय शिकवलं हे ज्याला माहीत नाही त्याच्यासमोर नुसतं रक्त येतं. लहान मुलं तर घाबरतातच.

जुना_विश्वासी
वडीलधाऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. दहा आज्ञांमधली दुसरी, मूर्ती करू नको ही आज्ञा त्यांच्या मनात आहे. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात (प्रश्न १०९), देवाच्या तिन्ही व्यक्तींपैकी कुणाचीही प्रतिमा करण्याला स्पष्ट मनाई आहे. विश्वास ऐकण्याने होतो, असं पौल सांगतो (रोमकरांस १०:१७). एकदा नटाचा चेहरा मनात बसला की प्रार्थनेतही तोच येतो, ही भीती मला खरी वाटते. नगरला तर कृष्णराव सांगळ्यांपासून ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे. ना. वा. टिळकांची भजनं आपण आजही म्हणतो. कीर्तनकार समोरच्याचा चेहरा बघून थांबतो, पुन्हा सांगतो. पडद्याला ते जमत नाही. माझं मत विचाराल तर कीर्तन ठेवा.

नगरचा_तरुणसंघ
कीर्तन करणारं आता जवळपास कुणी उरलं नाही, हीच अडचण आहे. येशूवरचाच 'दयासागर' सिनेमा कसा वाटतो?

पायवाट
चांगला पर्याय आहे. मूळ तेलुगू 'करुणामयुडु', १९७८ चा. विजयचंदर यांचा येशू आपल्यातला वाटतो, गाणी आहेत, आणि खेड्यापाड्यांत तो वर्षानुवर्षं दाखवला गेलाय. पण हिंदीतून आहे, तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कितपत कळेल ते तुम्हीच बघा.

वडीलधाऱ्यांना एक विनंती करून पाहा: सिनेमाच्या आधी त्यांच्यापैकीच कुणीतरी लूक १५ मधला हरवलेल्या मुलाचा दाखला उभं राहून मराठीत वाचावा. दाखवण्याचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री दहानंतर आवाज चालत नाही आणि १९७९ चा सिनेमा सुमारे दोन तासांचा आहे, म्हणून सातलाच सुरू करा. म्हणजे नंतरच्या गप्पांना वेळ उरेल.