बुद्धिबळात लंडन सिस्टीम खेळतो, ॲक्युरसी चांगली, तरी रेटिंग १५०० वरच

डी४_रोज:
लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रॅपिड खेळतो, १०+० (प्रत्येकी दहा मिनिटं, चालीला जादा वेळ नाही). रेटिंग १५०० ते १५५० मध्ये अडकलंय. ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात: पांढऱ्याने लंडन, काळ्याने कॅरो-कान. शांत, पोझिशनल खेळ आवडतो, म्हणून संधी मिळाली की वजिरावजिरी (वजिरांची अदलाबदल) करतो. ॲक्युरसी (चाली इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमच्या, चालींशी किती जुळतात तो आकडा) ८५ च्या आसपास येते, पण डाव हरतो तो बहुतेक पंचविसाव्या चालीनंतर. शिवाय काळ्याने लवकर सी५ (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल) आणि वजीर बी६ केलं की गोंधळ उडतो. शैली बदलू की ओपनिंग?

सातवी_पट्टी:
आधी ॲक्युरसीवरून नजर काढा. ओळखीच्या ओपनिंगच्या चाली आणि उघड उघड परत मारण्याच्या चाली तो आकडा फुगवतात. चाळीस चालींत एक घोडा फुकट गेला तरी तो फारसा पडत नाही, डाव मात्र जातो.

हरलेले शेवटचे वीस डाव काढा. इंजिन बंद ठेवून डाव कुठे फिरला ती चाल लिहा, शेजारी घड्याळात किती वेळ उरला होता तो. मग इंजिनशी ताडून बघा. बहुतेक चुका शेवटच्या दोन मिनिटांतल्या निघाल्या तर दुखणं वेळेचं आहे. १०+० मध्ये एंडगेमला (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याला) वेळच उरत नाही. १५+१० (पंधरा मिनिटं, दर चालीला दहा सेकंद जादा) खेळा, लिचेसवर तेही रॅपिडमध्येच मोजतात, त्यामुळे रेटिंग तेच राहतं.

बी२_चं_प्यादं:
वजीर बी६ चं सांगतो. १.डी४ डी५ २.उंट एफ४ घोडा एफ६ ३.ई३ सी५ ४.सी३ घोडा सी६ ५.घोडा एफ३ वजीर बी६ ६.वजीर बी३ सी४ ७.वजीर सी२ उंट एफ५. हा उंट फुकट दिसतो आणि इथेच लोक फसतात. ८.वजीर मारतो एफ५, की काळा वजीर बी२ चं प्यादं मारतो आणि ए१ चा हत्ती गेला, कारण बी१ वर स्वतःचाच घोडा बसलाय. बरोबर चाल ८.वजीर सी१. दिसायला लाजिरवाणी, पण स्थिती ठीक आहे. पुढे बी३ करून सी४ चं प्यादं उखडायचं. घोडा आधीच डी२ वर असेल तर हत्ती बी१ ला सरकतो आणि हा फास बसत नाही. म्हणून पाचव्या चालीला घोडा डी२ हा क्रम मला जास्त पटतो.

हत्ती_एंडगेम:
ओपनिंग ठीक आहे, बदलू नका. मला खटकतं ते वेगळंच. वजिरावजिरी करून तुम्ही मुद्दाम एंडगेमकडे जाता आणि हरताही तिथेच. याला पोझिशनल शैली म्हणता येणार नाही. गणित टाळण्यासाठी केलेली मारामारी आहे ती. वजीर मारण्याआधी एवढंच बघा: पटावर काय उरतंय, कुणाचा राजा मध्यावर लवकर पोचतो, कुणाची प्यादी सुटी आहेत.

अभ्यास दोनच गोष्टींपासून सुरू करा. राजा-प्याद्यात ऑपोझिशन (राजे समोरासमोर आणून दुसऱ्याला बाजूला हटवणं), आणि हत्तीच्या एंडगेममध्ये फिलिडॉर हा बरोबरीचा बचाव. काळा बचाव करतोय, राजा ई८ वर, पांढऱ्याचं प्यादं ई५ वर. काळ्याचा हत्ती सहाव्या (आडव्या) पट्टीवर ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादं ई६ ला आलं की हत्ती लगेच पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं.

डी४_रोज:
प्यादं पुढे सरकायच्या आधीच हत्ती मागे नेला तर?

हत्ती_एंडगेम:
पांढरा राजा ई६ वर येतो, प्यादं अजून ई५ वरच. मागून शह देताच येत नाही, ई ही उभी रांग त्या प्याद्याने अडवलेली असते. वरून पांढऱ्या हत्तीची आठव्या पट्टीवर मातेची धमकी. इथून बरोबरी सुटत नाही, पण बचाव फार नेमका करावा लागतो आणि १५०० ला तो घड्याळाच्या धाकात जमत नाही. म्हणून प्यादं सहाव्या पट्टीवर येईपर्यंत हत्ती तिथून हलवू नका. काळ्याचा हत्ती ए६, बी६ असा इकडेतिकडे सरकवत राहिलात तरी चालतं.